पेशीपासून देहापर्यंत : सिकलसेलच्या निमित्ताने शरीररचनेची ओळख

तथागतांच्या धम्मात देहाकडे पाहण्याची एक शिस्त सांगितली आहे. तिला कायगतासती म्हणतात. साधक आपला देह एक अखंड वस्तू म्हणून पाहत नाही. केस, नखे, दात, त्वचा येथून सुरुवात करून मांस, हाडे, अस्थिमज्जा, मूत्रपिंड, हृदय, यकृत, प्लीहा, फुप्फुसे, रक्त असे एकेक भाग मनाने वेगळे करतो. धान्याचे गाठोडे सोडून त्यातील साळी, मूग, उडीद, तीळ निरनिराळे ओळखावेत, तसे. महासतिपट्ठान सुत्तात ही यादी एकतीस भागांची आहे. खुद्दकपाठात मेंदूची भर पडून ती बत्तीस होते.

यावरून काही उत्साही वक्ते बुद्धकाळी पेशीशास्त्रही ठाऊक होते असे सांगून मोकळे होतात. तसे म्हणण्याची काही गरज नाही. त्या यादीचा हेतू देहाची आसक्ती कमी करणे हा होता, वैद्यक शिकवणे हा नव्हता. परंतु देहाचे भाग करून, न घाबरता व न लाजता पाहण्याची सवय मात्र आपल्या परंपरेत जुनी आहे. प्रस्तुत लेखात हीच सवय थोडी पुढे नेऊन, अवयवाच्या आत ऊती, ऊतीच्या आत पेशी आणि पेशीच्या आत रेणू, असे आपण पाहणार आहोत.

हे पाहण्यासाठी उदाहरण सिकलसेलचे घेतले आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील आदिवासी आणि बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. पण तो नेमका कोठे असतो, हाडात, रक्तात की रक्ताच्या नात्यात, हे विचारले तर उत्तरे वेगवेगळी मिळतात. शरीराची रचना समजल्याशिवाय हा आजार समजत नाही, आणि हा आजार नीट समजला तर शरीराची रचना आपोआप समजते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था ही साखळी पाठ असते. ती खरोखर साखळी आहे, एक कडी ओढली की पुढच्या सगळ्या हलतात, हे मात्र पाठ करून कळत नाही.

प्रथम पेशी. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींचे वर्णन केले. पण सर्व सजीव पेशींचेच बनलेले असतात हा सिद्धांत मांडला जाण्यास १८३८-३९ उजाडावे लागले. तो श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांचा. पुढे व्हर्चो यांनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. पेशी ही पेशीपासूनच जन्मते, आणि आजाराचे मूळ शोधायचे तर ते पेशीत शोधावे.

पेशीला शरीराची वीट म्हणण्याचा प्रघात आहे. उपमा सोयीची असली तरी अपुरी आहे. वीट खात नाही, श्वास घेत नाही, मोडली तर स्वतःसारखी दुसरी वीट घडवीत नाही. पेशी हे सर्व करते. तिच्याभोवती आत काय यावे व बाहेर काय जावे हे ठरवणारे पटल असते. आत अन्नापासून ऊर्जा मुक्त करणाऱ्या तंतुकणिका असतात, प्रथिने जुळवणारे रायबोझोम असतात, आणि मधोमध केंद्रक असते. केंद्रकातील ४६ गुणसूत्रांवर डीएनएच्या रूपाने सर्व शरीराची कृती लिहिलेली असते. स्नायूची पेशी काय किंवा यकृताची पेशी काय, दोघींकडे ग्रंथ एकच. प्रत्येक पेशी त्यातील आपापल्या कामाची पाने तेवढी उघडते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात असा आजचा अंदाज आहे. त्यांपैकी पाचांत चाराहून अधिक पेशी एकाच प्रकारच्या आहेत, रक्तातील तांबड्या पेशी. म्हणजे मोजणीपुरते बोलायचे तर आपण मुख्यत्वे रक्तपेशींचेच बनलेलो आहोत.

ही तांबडी पेशी मोठी चमत्कारिक. भोक पाडायचे राहून गेलेल्या मेदूवड्यासारखा तिचा आकार, कडेला जाड आणि मध्ये दबलेला. एका मिलिमीटरच्या अंतरात अशा सुमारे एकशे तीस पेशी ओळीने मावतील. ती अस्थिमज्जेत तयार होते आणि रक्तात उतरण्यापूर्वी आपले केंद्रक टाकून देते. तंतुकणिकाही टाकते. घर रिकामे करून सगळी जागा एकाच मालासाठी ठेवावी, तशी ती हिमोग्लोबिनने भरलेली असते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हेच तिचे काम. केंद्रक नसल्याने तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही. सुमारे १२० दिवस फिरून ती संपते. ही तूट भरण्यासाठी अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार करीत असते. हे वाक्य वाचून होईपर्यंत लाखो पेशी जन्मलेल्या असतात.

आता पेशीच्याही आत जाऊ. हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे असते, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी म्हणजे १४६ मण्यांची माळ. प्रत्येक मणी हे एक अमिनो आम्ल. कोणत्या जागी कोणता मणी ओवायचा हे ११ व्या गुणसूत्रावरील जनुकात लिहिलेले असते. सिकलसेलमध्ये या १४६ मण्यांपैकी सहाव्या जागचा एकच मणी बदललेला असतो. तेथे ग्लुटामिक आम्ल हवे, त्याऐवजी व्हॅलिन येते. जनुकातील एका अक्षराचा हा फरक. बाकी १४५ मणी जागच्या जागी. हिमोग्लोबिनच्या रेणूतच वेगळेपण आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि नेमका कोणता मणी बदलला हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ मध्ये शोधले. एखाद्या आनुवंशिक आजाराचे कारण प्रथिनातील एका मण्यापर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिली वेळ होती.

एका मण्याने असे काय बिघडते? ग्लुटामिक आम्ल पाण्यात सुखाने राहते, व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हा व्हॅलिनचा भाग शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन चिकटतो, त्याला तिसरा चिकटतो, आणि पेशीच्या आत लांबच लांब कांड्या तयार होतात. त्या कांड्यांच्या रेट्याने गोल, लवचीक पेशी वाकडी आणि ताठ होते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. १९१० मध्ये शिकागो येथील डॉ. हेरिक यांनी, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यास आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हापासून ती उपमा चिकटली. पेशी फुप्फुसात परत जाऊन प्राणवायू घेते तेव्हा कांड्या विरघळतात व ती पुन्हा गोल होते. पण असे अनेकदा झाले की पटल खराब होते आणि विळ्याचा आकार कायमचा राहतो.

पेशींच्या वरची पायरी ऊतींची. एकाच प्रकारच्या कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. प्राण्यांत त्या चार प्रकारच्या: आच्छादन करणारी अभिस्तर ऊती, जोडणारी व आधार देणारी संयोजी ऊती, आकुंचन पावणारी स्नायू ऊती आणि निरोप नेणारी चेता ऊती. रक्त हीसुद्धा एक ऊती आहे, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटते. ती संयोजी ऊती होय. तिच्या पेशी घट्ट बांधलेल्या नसून रक्तद्रवात तरंगत असतात, एवढाच फरक.

रक्तवाहिन्यांना आतून अभिस्तराच्या चपट्या पेशींचे अस्तर असते. सर्वांत बारीक केशवाहिन्यांची भिंत म्हणजे केवळ हे अस्तरच. त्यांची रुंदी अनेक ठिकाणी तांबड्या पेशीच्या रुंदीइतकी किंवा त्याहूनही कमी असते. निरोगी पेशी अंग दुमडून त्यातून निसटते. विळ्यासारखी ताठ पेशी तेथे अडते, अस्तराला चिकटते, तिच्यामागे दुसरी अडते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. प्राणवायू कमी झाला की आणखी पेशी विळ्यासारख्या होतात आणि तुंबारा वाढतो. रुग्णाला येणारी असह्य कळ ती हीच. बाहेरून काही दिसत नाही; ना जखम, ना सूज. त्यामुळे अनेक घरांत आणि अनेक वर्गांत अशा मुलांना कामचुकार ठरवले जाते. ती कळ खरी आहे आणि पुष्कळदा तिला रुग्णालयातील तीव्र वेदनाशामकच लागते.

दुसरा परिणाम रक्ताच्या हिशोबाचा. विळ्यासारखी पेशी १२० दिवसांऐवजी जेमतेम दहा ते वीस दिवस टिकते. अस्थिमज्जेने कितीही धावपळ केली तरी ही गळती भरून निघत नाही, म्हणून कायमचा रक्तक्षय राहतो. मोडलेल्या हिमोग्लोबिनपासून पिवळे रंगद्रव्य बनते. डोळे पिवळे दिसतात, पुढे पित्ताशयात खडे होतात. डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून गळ्यात माळ घालणाऱ्याकडे नेणे ही आपल्याकडची रीत. कावीळ म्हणून यकृताला दोष द्यावा, तर पुष्कळदा यकृत निर्दोष असते. दोष दोन पायऱ्या खाली असतो.

वेगवेगळ्या ऊती एकत्र येऊन एखादे काम करू लागल्या की अवयव होतो. प्लीहेचे उदाहरण घ्या. आपण तिला पाणथरी म्हणतो. डाव्या बरगड्यांखाली असलेला हा अवयव रक्ताची गाळणी आहे. म्हाताऱ्या पेशी तो वेगळ्या काढतो आणि रक्तात शिरलेले जंतू पकडतो. गाळणीच्या अरुंद वाटांत विळ्यासारख्या पेशी अडकून हळूहळू तिचे काम बंद पडत जाते. मग न्यूमोकोकससारखे जंतू मोकाट सुटतात. लहान मुलांत यामुळे काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून सिकलसेलग्रस्त बालकाला पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस देतात, आणि त्याला ताप आला तर तो अंगावर काढायचा नसतो. आणखी एक गोष्ट प्रत्येक आईला शिकवावी. कधीकधी पुष्कळसे रक्त अचानक पाणथरीतच तुंबते. मूल पांढरेफटक पडते, पोटाची डावी बाजू फुगते. हाताने चाचपून पाणथरी वाढलेली ओळखता येते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हाडांचे निराळे. तान्ह्या मुलांत हातापायांची बोटे सुजतात, हे पुष्कळदा आजाराचे पहिले चिन्ह असते. तरुणपणी मांडीच्या हाडाचे डोके, जे खुब्याच्या खोबणीत फिरते, ते रक्ताअभावी मरू लागते. त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाटा थोड्या व अरुंद असतात. विशीत लंगडत चालणारी मुले-मुली अशीच असतात, आणि त्यांच्या मागे कोणी काय काय बोलते हे लिहिण्यात अर्थ नाही.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी असतो, म्हणून तेथे पेशी लवकर वाकड्या होतात. मूत्र घट्ट करून पाणी वाचवण्याची शक्ती कमी होते. मुलाला वारंवार लघवीला लागते, रात्री अंथरूण ओले होते. शरीरातील पाणी कमी झाले की तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन अधिक दाट होते, आणि दाट झाले की कांड्या लवकर बनतात. म्हणजे मूत्रपिंडातील बिघाड परत पेशीकडे वळतो. आपल्यात शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. वर्गातील अशा मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, विचारल्याबरोबर बाहेर जाऊ द्यावे, थंडीत पहाटेच्या कवायतीतून सूट द्यावी, एवढे त्यांनी केले तरी काही कळा टळतील.

फुप्फुसात हाच तुंबारा झाला तर छातीत दुखते, धाप लागते, ताप येतो. न्यूमोनिया की सिकलसेल हे वेगळे करणेही कठीण होते. मेंदूची वाहिनी बंद झाली तर बालवयातही पक्षाघात होतो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर घटकाभरही थांबू नये.

आता शेवटची पायरी, अवयवसंस्था. श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, उत्सर्जन संस्था, अस्थिसंस्था, चेतासंस्था. पाठ्यपुस्तकात यांचे निरनिराळे धडे असतात आणि प्रश्नपत्रिकेत निरनिराळे गुण. शरीरात अशा भिंती नाहीत. फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू रक्त नेते, तो मूत्रपिंड वापरते. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचा संदेश सोडते, तो अस्थिमज्जा ऐकते आणि नवे रक्त बनवते. नागसेन भिक्खूंनी मिलिंद राजाला रथाचे उदाहरण दिले ते धम्मबांधवांना परिचित आहेच. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. आणि या सर्वांना सोडून रथ म्हणून वेगळे काही नाही. तो संवाद आत्म्याविषयी आहे, पण वैद्याच्याही उपयोगाचा आहे. एकाच मुलाचे खुबे एका डॉक्टरकडे, कावीळ दुसऱ्याकडे, छाती तिसऱ्याकडे आणि अंथरूण ओले होणे मांत्रिकाकडे, अशी चार दारे फिरून पैसा व वर्षे घालवलेली कुटुंबे विदर्भात कमी नाहीत. चारही तक्रारींचे उगमस्थान एकच, सहाव्या जागचा मणी.

उपचारही याच पायऱ्यांनी समजून घ्यावेत. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, तापाला लगेच औषध हे पेशी वाकडी होऊ नये म्हणून. फॉलिक आम्लाची गोळी अस्थिमज्जेच्या वाढीव कामासाठी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणखी खाली काम करते. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, त्यात बीटा साखळी नसते; म्हणूनच सिकलसेलग्रस्त बाळ पहिले सहाएक महिने बहुधा ठणठणीत असते. हायड्रॉक्सियुरियामुळे ते गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात बनू लागते आणि कांड्यांना आळा बसतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने कळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणल्याचे दिसले. औषध स्वस्त आहे, परंतु ते नियमित घ्यावे लागते आणि मधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा बसवली तर आजार बराही होतो. २०२३ च्या अखेरीस अमेरिका व ब्रिटनमध्ये जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली, पण अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. शास्त्र म्हणून ती थोर गोष्ट; शेतमजुराच्या घरासाठी आज तरी हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळणे अधिक मोलाचे.

हा मणी घरात येतो कोठून? येथे समाजात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बीटा साखळीची कृती प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर व्यक्ती निरोगी. एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती वाहक. ती आजारी नसते, काम करते, खेळते, तिला औषधाची गरज नसते, आणि वय वाढले म्हणून ती सिकलसेलग्रस्त होत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच आजार. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. 'प्रत्येक' हा शब्द अधोरेखित करून वाचावा. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब काही घरांत मांडला जातो. तो चूक आहे. नाणे मागचा कौल लक्षात ठेवीत नाही.

आजारी मूल जन्मले की दोष सुनेच्या माथी जातो. वरील हिशोब पाहिला तर आजारी मुलात एक प्रत बापाची असतेच असते. तरीही मुलीला माहेरी धाडल्याची उदाहरणे आहेत. काही घरांत पूर्वजन्मीच्या पापाची भाषा अजून ऐकू येते, धम्मदीक्षेला इतकी वर्षे होऊनही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासताना, अपत्याला गुण मिळतात ते आईबापांकडून, हा विज्ञानाचा मुद्दा मुद्दाम पुढे ठेवला आहे. सिकलसेलची अनुवंशिकता समजून घेताना ते प्रकरण पुन्हा वाचावे.

मग हे जनुक आपल्याच समाजात का, असाही एक प्रश्न येतो, आणि त्यात एक बोच असते. त्याचे उत्तर डासात आहे. अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्टीत, जेथे हिवतापाने मुले दगावत, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि जनुक टिकले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत ते प्रथम आढळले. मध्य भारतातील नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये केली. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात ते आहे, बौद्धांत आहे, आणि इतर समाजांतही आढळते. डासाने कोणाची जात विचारली नव्हती. जातीचा संबंध येतो तो पुढे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म ठरवले. लग्ने लहान वर्तुळातच होत राहिली की दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. वर्तुळ मोठे झाले की तो कमी होतो. मात्र तपासणी तेव्हाही टाळता येत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष असून ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच. शहरांतील बौद्ध वस्त्यांकडे ती आपणहून येईल असे समजून बसू नये, आपण जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवून प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

तपासणीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण कागद हातात असूनही तो वाचता येत नाही असे होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी साधी चाचणी होते तिला विद्राव्यता चाचणी म्हणतात. रक्त द्रावणात टाकले की ते गढूळ होते आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा होतात. त्यावरून एवढेच कळते की सिकल हिमोग्लोबिन आहे. व्यक्ती वाहक आहे की आजारी, हे कळत नाही. सहा महिन्यांखालील बाळात आणि नुकतेच रक्त चढवलेल्या व्यक्तीत ही चाचणी फसवी ठरू शकते. म्हणून दुसरी चाचणी करावी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तिच्या अहवालात 'एए' म्हणजे निरोगी, 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे सिकलसेलग्रस्त. लग्न ठरवताना पत्रिका पाहणे आपण सोडले आहे. हा कागद मात्र दोन्ही घरांनी साखरपुड्याच्या आधी, एकमेकांसमोर ठेवावा. वर आणि वधू दोघेही वाहक निघाले आणि तरीही त्यांना लग्न करायचे असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, हे त्यांना आधी माहीत असावे. आणि एकाची विद्राव्यता चाचणी निर्दोष आली म्हणून थांबू नये. ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक असू शकते, जे त्या नळीत दिसत नाही. सिकलची एक प्रत आणि थॅलेसेमियाची एक प्रत एकत्र आली तरी मुलाला सिकलसेलसारखाच आजार होतो. तेव्हा चाचणी दोघांची, आणि एचपीएलसीची.